पकडीतला तिसरा

मी एक जुना क्षार आहे, मित्रांनो. काचेच्या बाटलीत राहतो आणि माझा रंग पिकल्या करवंदाच्या रसासारखा आहे. माझ्या बाटलीवर एक तांबडा कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत 'खराब' असे लिहिलेले आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो : मी खराब नाही. सव्वीस वर्षांपूर्वी जसा जन्मलो तसाच आजही आहे. हे ऐकून कोणाला राग येत असेल तर येऊ द्या.

माझे पूर्ण नाव पेंटाअमाइन क्लोरो कोबाल्ट क्लोराइड. म्हणताना धाप लागते, मला ठाऊक आहे. कुंडलच्या जवळच एक कॉलेज आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीपासून दूरच्या कपाटात माझे घर आहे. मला बनवले ते अंजना मॅडमनी. त्या मिरजेहून सकाळच्या गाडीने यायच्या. त्या दिवशी त्यांनी नवसागर घेतला, तोच, जो कल्हईवाला भांड्याला लावतो. तो अमोनियाच्या पाण्यात विरघळवला आणि त्यात गुलाबी कोबाल्ट क्लोराइड टाकले. मग थेंबथेंब हायड्रोजन पेरॉक्साइड सोडले, तेव्हा फसफसून सगळे तपकिरी झाले. शेवटी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्यांनी भांडे गरम पाण्यावर ठेवले. थंड करायला बर्फ हवा होता. प्रयोगशाळेतले मदतनीस कोंडीबा धावत जाऊन उसाच्या रसवंतीवरून बर्फ घेऊन आले. त्या बर्फात भांडे ठेवले आणि मी स्फटिक होऊन तळाशी बसलो. कोंडीबा म्हणाले, "मॅडम, ह्ये तर करवंदाचं सरबत झालं की!" मॅडम म्हणाल्या, "प्यायचं नाही हं कोंडीबा, विषारी आहे." माझ्या आयुष्यातले हे पहिले बोलणे. तेव्हापासून मला चाखायची कोणाची हिंमत झाली नाही, हे बरेच झाले.

आता माझ्या पोटात काय आहे ते सांगतो. कुंडलला कुस्त्यांचे मैदान भरते, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. समजा, मैदानाच्या मधोमध कोबाल्ट नावाचा एक पहिलवान उभा आहे. या पहिलवानाची गंमत अशी की तो एकाच वेळी सहा जणांना धरून ठेवतो. माझ्या कोबाल्टने पाच अमोनिया धरले आहेत आणि सहावा धरला आहे एक क्लोराइड. आणखी दोन क्लोराइड माझ्यात आहेत, पण ते मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसारखे बसलेले आहेत. म्हणजे क्लोराइड एकूण तीन. दोन कडेला, एक पकडीत.

हे डोळ्यांना दिसत नाही. मग ओळखायचे कसे? त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट लागते. त्यातली चांदी क्लोराइडला हाक मारते. मला थंड पाण्यात विरघळवून ती हाक मारली, की कडेला बसलेले दोघे लगेच उठतात, चांदीचा हात धरतात आणि फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका होऊन खाली बसतात. पकडीतला तिसरा मात्र जागचा हलत नाही. चांदीने कितीही लाडीगोडी लावली तरी तो कोबाल्टला सोडून जात नाही. खरे सांगतो, मला त्याचा अभिमान आहे.

त्याला सोडवायचे असेल तर चांदी आणण्याच्या आधी मला कॉस्टिक सोड्यात उकळावे लागते. मग कोबाल्टची पकडच मोडते. पाचही अमोनिया वाफ होऊन सुटतात, कोबाल्ट काळा होऊन तळाशी जातो आणि तिसरा क्लोराइड मोकळा होतो. मग ते पाणी गाळायचे, त्यात नायट्रिक आम्ल घालायचे आणि नंतरच चांदी आणायची. आता साका तिघांचा पडतो.

अंजना मॅडम हे दोन्ही प्रयोग मुलांकडून करून घ्यायच्या. माझ्या बाटलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली होती. वर माझे नाव आणि खाली आणखी एक ओळ. त्या काळात माझे कौतुक फार व्हायचे. मुले साका तराजूत तोलायची, एकमेकांचे आकडे पाहायची आणि "अगं, खरंच सुटला की गं तिसरा!" म्हणून ओरडायची.

मग संस्थेने मॅडमची दुसरीकडे बदली केली. त्या गेल्या आणि माझा कारभार वह्यांच्या हाती गेला.

तुम्ही अजून लहान आहात, म्हणून ही रीत सांगून ठेवतो. कॉलेजात प्रयोगाची एक वही असते. तिला जर्नल म्हणतात. ती पूर्ण करून सरांची सही घेतली तरच परीक्षेला बसता येते. आणि ती पूर्ण करायची सोपी युक्ती म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांची वही आणून उतरवणे. घरचे बियाणे जसे वर्षानुवर्षे पुढे जाते, तशा या वह्या पुढे जातात. एका वर्षी कोणीतरी एस.टी.ची वाट पाहत, मांडीवर वही ठेवून लिहीत होते. पान उलटताना एक ओळ सुटली. 'कॉस्टिक सोडा घालून अमोनियाचा वास जाईपर्यंत उकळावे', ही ती ओळ. उत्तर मात्र तेच राहिले, तीन क्लोराइडचे. वहीवर लाल बरोबरची खूण झाली. पुढच्या वर्षी तीच वही उतरवली गेली, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्यावरून आणखी एक.

झाले काय, की मुले मला थंड पाण्यातच विरघळवू लागली आणि उत्तर मात्र उकळल्याचे लिहू लागली. ज्यांनी खरेच तोलले त्यांना कमी वजन मिळाले. त्यांनी मुकाट्याने आकडा वाढवला. बाकीच्यांनी तोललेच नाही. मी कपाटातून हे सगळे पाहत होतो. शेजारच्या खोलीत फळ्यावर माझीच आकृती काढून शिकवत होते, की पाच अमोनिया आत, एक क्लोराइड आत, दोन बाहेर. पण फळा त्या खोलीत होता आणि तराजू या खोलीत.

यंदाच्या फेब्रुवारीत साक्षी नावाच्या मुलीने मला तोलले.

साक्षी याच भागातली, उसाच्या शिवारातून सायकलवर येणारी. तिचे वडील सैन्यात वायरलेसवर होते, आता निवृत्त होऊन शेती करतात. तिने माझा पाव ग्रॅम घेतला, थंड पाण्यात विरघळवला, चांदी घातली, साका गाळला, सुकवला आणि तोलला. वजन आले ०.२८५ ग्रॅम. वहीतले उत्तर होते ०.४३०.

शेजारच्या टेबलावर पृथ्वीराज होता. तो वाकून म्हणाला, "साक्षे, आख्ख्या वर्गाचं ०.४३० आलंय आन् तुझं ०.२८५? चांदी खाल्लीस काय गं?"

"तुझं कसं आलं रं ०.४३०? तू तर अजून गाळायलाबी घेतलं न्हाईस."

"वहीत हाय की!"

सगळे हसले. साक्षी हसली नाही. तिने वहीत ०.२८५ लिहिले आणि वही सहीसाठी जयराज सरांसमोर ठेवली.

जयराज सर वाईट माणूस नव्हेत, मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. ते तासिका तत्त्वावर शिकवतात. तीन दिवस इथे आणि तीन दिवस साताऱ्याच्या एका कॉलेजात. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा या प्रयोगाची वही त्यांच्या हातात आयती पडली. त्यांनी साक्षीचा आकडा पाहिला आणि माझी बाटली उचलून उजेडात धरली.

"हा माल जुना झालाय. यातला एक क्लोराइड उडून गेला असणार. तू ०.४३० लिही आणि सही घेऊन जा."

उडून गेला! मित्रांनो, मला तोंड असते तर त्याच क्षणी मी ओरडलो असतो. ज्याने सव्वीस वर्षांत पकड सोडली नाही, त्याला हे म्हणत होते उडून गेला!

साक्षी म्हणाली, "सर, तराजूत आलं नाही ते कसं लिहू?"

"बाहेरचे परीक्षक तुझा तराजू बघायला येणार नाहीत. ते वही बघतील."

"पण सर, आमचे आप्पा म्हणतात, पोस्टवर दिसलं तेवढंच वायरलेसवर सांगायचं. दिसलं नाही ते सांगितलं तर पुढं माणसं मरतात."

सरांचा चेहरा उतरला, मग तापला. "इथं कोण मरतंय? शनिवार दुपारपर्यंत दुरुस्त करून आण. नाहीतर सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही. वर्ष जाईल तुझं."

मग त्यांनी एका तांबड्या कागदावर 'खराब' लिहिले आणि तो माझ्या बाटलीवर चिकटवला. नेमका अंजना मॅडमच्या चिठ्ठीवर. तिची खालची ओळ आम्लाच्या वाफांनी इतकी तपकिरी झाली होती, की तिरप्या उजेडात डोळ्यांजवळ धरली तरच वाचता यायची. तेवढ्या जवळून मला बरीच वर्षे कोणी पाहिले नव्हते. आता तीही झाकली गेली.

"कोंडीबा, हे टाकाऊ रसायनांच्या ड्रममध्ये टाका. शनिवारी ड्रम न्यायला शिरवळची गाडी येणार आहे."

"व्हय सर," कोंडीबा म्हणाले. पण त्यांनी मला ड्रममध्ये टाकले नाही. ड्रमच्या झाकणावर ठेवले. सांगितलेले ऐकायचे, पण शेवटचे पाऊल जरा सावकाश टाकायचे, ही त्यांची जुनी खोड.

साक्षीने हार मानली नाही. शुक्रवारी तिने मला ड्रमवरून उचलले आणि सगळा प्रयोग पुन्हा केला. वजन आले ०.२८७. ती टेबलावर कोपरे टेकून बसून राहिली. सर मला खराब म्हणाले याचे मला दुःख नव्हते. पण एक खरे बोलणारी मुलगी माझ्यामुळे वर्ष गमावणार, याने माझ्या स्फटिकांना जणू तडे जात होते. मला उत्तर ठाऊक होते, आणि बाटलीला बूच होते.

कोंडीबा परीक्षानळ्या विसळत होते. ते आटपाडीकडचे. लहानपणी मेंढरांमागे हिंडले आणि पुढे या नोकरीत आले. आता त्यांची निवृत्ती जवळ आली आहे.

"काय गं पोरी, त्वांड का पाडलंयस?"

"मामा, दोन डाव केलं. दोनच येत्यात. तिसरा क्लोराइड गेला कुठं?"

"मला काय त्यातलं कळतंय? मी आपला बाटल्या धुणारा." त्यांनी विसळलेली नळी उपडी ठेवली. "पर एक सांगू? अंजना मॅडम हुत्या तवा ह्या प्रॅक्टिकलला लय डोळं झोंबायचं बघ. समदी पोरं रडत बाहीर पळायची. मी खिडक्या उघडत फिरायचो. आता कुठं झोंबत्यात? आता पोरं हितं बसून डबा खात्यात."

साक्षीने मान वर केली. "डोळे झोंबायचे? कशानं?"

"आगं, अमोन्यानं! दुसरं कशानं?"

"पण मामा, अमोनिया तर आत धरलेला असतो. तो सुटायचा कसा?"

"ते मला काय ठावं! शेगडीवर कायतरी रटरटायचं एवढं ठावं हाय. आन् मॅडम वरडायच्या, आमल घालूस्तवर चांदीची बाटली हिकडं आणायची न्हाई, म्हणून."

साक्षी उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. पाच अमोनिया पकडीत आहेत. त्यांचा वास बाहेर येत होता, म्हणजे पकड मोडत होती. आणि पकड मोडली, तर पाचांबरोबर सहावाही...

"मामा! वहीतली एक पायरी गेली हाय!"

ती कॉस्टिक सोड्याच्या बाटलीकडे धावली. कोंडीबा तिच्या आडवे आले. "थांब. सर आज साताऱ्याला हायत. त्यांच्या माघारी कॉस्टिक उकळू द्यायचो न्हाई मी. डोळ्यांत उडालं तर आंधळी हुशील. उद्या सक्काळी ये. सरांच्या म्होरं कर."

ही त्यांची गोष्ट मला फार आवडली. धाडस करावे, पण चोरून नव्हे.

शनिवारी सकाळी सर गाडीवरून उतरले, तेव्हा साक्षी दारात उभी होती.

"दुरुस्त केलंस?" सरांनी विचारले.

"नाही सर. अजून एकदा करायचंय. तुमच्यासमोर, उकळून."

"मला आज तीस वह्या तपासायच्या आहेत, साक्षी."

"सर, नाही आलं तर मी ०.४३० लिहिते आणि परत तोंड उघडत नाही."

"आणि आलं तर?"

"तर माझा पहिला आकडा खोडायचा नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "चल," ते म्हणाले.

चष्मा लावून, धूर ओढणाऱ्या कपाटात तिने मला उकळायला ठेवले. तिथला पंखा फार वर्षांनी चालू झाला आणि दोन मिनिटे कण्हून बंद पडला. आणि मग, मित्रांनो, माझी पकड मोडली. पाचही अमोनिया एकदम सुटले. साक्षीचे डोळे भरून आले. सर खोकत मागे सरकले. "खिडकी उघडा! कोंडीबा, खिडकी!"

कोंडीबा डोळे पुसत हसत होते. "आता कसं! आता आलं मॅडमच्या येळचं प्रॅक्टिकल!"

माझा तो पाव ग्रॅम काळा होऊन तळाशी बसला. जीव गेला त्याचा, पण मला वाईट वाटले नाही. वास पूर्ण जाईपर्यंत उकळून तिने ते पाणी गाळले, त्यात नायट्रिक आम्ल घातले आणि मगच चांदी मागवली. पांढरा साका उतरला. या वेळी जाड.

सर पुढे झाले. आता त्यांच्या आवाजात चिडचिड नव्हती, पण शंका होती. "कशावरून हा तुझ्या क्षारातला आहे? कॉस्टिक सोड्यातच क्लोराइड असेल तर?"

साक्षीने शेजारची नळी उचलली. "नुसता कॉस्टिक पण तसाच करून बघितलाय, सर. चांदी घातलीय यात." नळीतले पाणी आरपार स्वच्छ होते.

साका भट्टीत सुकायला गेला आणि बाहेर हॉर्न वाजला. शिरवळची गाडी आली होती. तिचा चालक रविराज आत डोकावला. "मामा, ड्रम द्या चला. लय लांब जायचंय."

लागेल तेवढा काढून घेतल्यावर मी पुन्हा ड्रमच्या झाकणावरच होतो.

"आदी च्या घे की गड्या," कोंडीबा म्हणाले.

"च्या घेतलाय मामा वाटंत."

"मग आमचाबी घे. आमच्या च्याला काय वास येतो व्हय?"

रविराजने नाक वर केले. "येतोय की! कसला वास हाय ह्यो?" तरी तो बसला. कोंडीबांनी चहा इतका सावकाश केला, की मला वाटले त्यांनी आधी साखरेचे दाणे मोजले असावेत.

साका सुकला. थंड झाला. साक्षीने तो तराजूवर ठेवला आणि हात मागे घेतला. तराजूचे आकडे पळाले, डगमगले, थांबले.

०.४२९.

सरांनी वाकून तो आकडा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "पाच अमोनिया आत, एक क्लोराइड आत. हे तर मी याच आठवड्यात फळ्यावर शिकवलं."

"व्हय सर," साक्षी म्हणाली. "मंगळवारी."

सर हसले. स्वतःवर हसता येणारा माणूस शिकवायला लायक असतो, असे मला त्या दिवशी वाटले. त्यांनी पेन उघडले. "बरं, मग ०.४२९ लिही. वरचं ०.२८५ खोडून टाक. परीक्षकांचा उगाच गोंधळ नको."

साक्षीने वहीवर हात ठेवला. "सर, ठरलंय आपलं."

"अगं, पण बरोबर उत्तर आलं ना आता?"

"ते पण बरोबरच होतं, सर. मी जे केलं त्याचं तेच उत्तर होतं."

सरांनी पेन तिच्यापुढे धरले. "लिही तुला हवं तसं." साक्षीने वही ओढली आणि दोन्ही आकड्यांच्या खाली एक ओळ लिहिली. सरांनी ती वाचली आणि तिच्याखाली सही केली, पूर्ण नावाची.

दारात पृथ्वीराज उभा होता. "सर, मग आता आमच्या ०.४३० चं काय?"

"तुमचं? सोमवारी सगळे या. येताना डोळे पुसायला रुमाल आणा."

कोंडीबांनी मला ड्रमवरून उचलले, तेव्हाच रविराजला ड्रम नेता आला. मला कपाटात ठेवण्याआधी त्यांनी तांबडा कागद नखाने खरवडून पाहिला. डिंक चांगला होता. कागद निघाला नाही. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यानं काय हुतंय?"

म्हणून तो अजून आहे, आणि मीही आहे. आता मी दोन चमच्यांएवढाच उरलो आहे. दर वर्षी थोडा थोडा तुमच्या तराजूत संपत जाईन, आणि त्याला माझी ना नाही. मी त्यासाठीच जन्मलो. फक्त एवढे करा, मित्रांनो. माझे बूच घट्ट लावत जा. मला वापरायचे तर खरेच तोला. आणि जे आले तेच लिहा, ते वहीतल्यासारखे नसले तरीही. एखादी वस्तू किंवा एखादे माणूस तुमच्या हाकेला ओ देत नसेल, तर लगेच त्यावर तांबडा कागद लावू नका. तुमची एखादी ओळ सुटली आहे का, ते आधी पाहा. आणि तरीही कागद लावायचाच असेल, तर लावा. मी असे कागद लावून घेऊनही टिकणारा आहे.

त्या कागदाखाली अंजना मॅडमची चिठ्ठी अजून आहे. ती साक्षीने कधीच पाहिली नाही, आणि तिला पाहायची गरजही पडली नाही. चिठ्ठीच्या खालच्या ओळीत मॅडमनी सव्वीस वर्षांपूर्वी जे लिहिले, तेच शब्द साक्षीने त्या दिवशी आपल्या वहीत लिहिले :

'थंड असता दोन. उकळल्यावर तीन.'